हसनभाईंची संदूक

रुक्सानाभाभी, सना, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला उभं केलंय, कारण मी बरा बोलतो असा आपल्या मंडळात एक जुना गैरसमज आहे. गणपतीत मी बोलतो, कोजागिरीला बोलतो, लोक हसतात, जेवणाची रांग सुरू होईपर्यंत वेळ निघतो. आज हसवायचं नाही. आणि रडवायला मला येत नाही. मग उरतं काय? चिडणं. ते मला येतं. दिवाळी अंकांत तिरकं लिहून लिहून हात बसलाय.

भाभी, तुम्ही काल म्हणालात, 'भाऊ, चांगलं चांगलं बोला.' मी प्रयत्न केला. खरंच केला. मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख, असं सगळं लिहून काढलं. मग वाचून बघितलं. ते कोणाबद्दलही चाललं असतं. आमच्या एचआरवाल्याबद्दलसुद्धा चाललं असतं. म्हणून तो कागद घरी ठेवून आलोय. सुचेल तसं बोलतो. अडखळलो तर सांभाळून घ्या.

हसनभाई परकार मागच्या शुक्रवारी सकाळी गेले. चहाचा कप हातात होता. जनाज्याला तुमच्यातले बरेच जण होते. त्या माणसाला शेवटची काही वर्षं एकच गोष्ट हवी होती. बंगला नाही, गोल्डन व्हिसा नाही. कामगारांच्या वस्तीसमोरच्या फुटपाथवर त्यांना एक पेटी उभी करायची होती. वर्तमानपत्रांची पेटी. नाणं टाकायचं, झाकण उघडायचं, पेपर घ्यायचा, झाकण लावायचं. एवढंच. ती पेटी तयार आहे. ती अजून फुटपाथवर नाही. मी आज त्या पेटीबद्दल बोलणार आहे. हसनभाईंबद्दल वेगळं बोलायची गरज नाही, ते तिच्यातच आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हसनभाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे. इथे आखातात आले ते पेपरच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून, आणि आयुष्यभर तेच केलं. बकाल्यांना, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानांना, पेपर पोचवायचे. इंग्रजी, मल्याळी, उर्दू, आणि विमानातून आलेले मुंबईचे मराठी. ते मराठी पेपर नेहमी कालचे असायचे. मी एकदा म्हटलं, 'हसनभाई, शिळी बातमी विकता तुम्ही.' ते म्हणाले, 'बातमी शिळी असू दे रे. माणसाची भूक ताजी असते.'

मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातले किती जण आज पेपर विकत घेतात? हात वर नका करू, लाज वाटेल. बकालेवाल्यांनी पेपरचा स्टँड काढला आणि तिथे एनर्जी ड्रिंकचा फ्रिज लावला. हसनभाई निवृत्त झाले. पण कामगारांच्या वस्तीत त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं होती. वेल्डर, फिटर, क्रेनवाले. कोणी सोलापूरकडचे, कोणी आपल्या कोकणातले. त्यांना पेपर कोण देणार? तर हे गृहस्थ शुक्रवारी स्वतःच्या गाडीच्या डिकीत पेपर घालून वस्तीच्या गेटबाहेर उभे राहायला लागले.

मी म्हटलं, 'अहो, सगळ्यांकडे मोबाइल आहे. मोबाइलवर वाचतील.'

ते म्हणाले, 'मोबाइलवर माणूस आपल्याच जातीची, आपल्याच गावाची, आपल्याच मताची बातमी बघतो. पेपरात चुकून दुसऱ्याची दिसते.'

आणि खोलीवर जाऊन बघा, मंडळी. मोबाइल एकाचा असतो. पेपर आधी वरच्या बंकवाला वाचतो, मग खालचा, मग शेजारची खोली. मग त्यावर जेवायला बसतात. मग तो खिडकीच्या काचेला चिकटवतात, ऊन अडवायला. आणि मग काचेवरचा उरलेला अग्रलेख कोणीतरी मान वाकडी करून वाचतो. आपण टॉवरमध्ये राहणारे लोक पेपरला 'आउटडेटेड' म्हणतो. आपल्याकडे पडदे आहेत.

तर एका शुक्रवारी निरीक्षक आला. सज्जन माणूस. दंड नाही केला. म्हणाला, 'चाचा, गाडीतून विकायचं नाही. पेटी ठेवा. अर्ज करा. परमिशन मिळते.'

परमिशन मिळते! मंडळी, दुसरा कोणी असता तर गेट बदललं असतं, वेळ बदलली असती, चार दिवस थांबून पुन्हा डिकी उघडली असती. हसनभाईंनी त्या वाक्यावर विश्वास ठेवला. नियम आहे ना, मग तो पाळायचा. पाळला की पेटी. इतकं सरळ गणित. या सरळपणाचाच मला राग येतो. त्यांचा नाही हो. आपल्या जगाचा, ज्यात सरळ माणसाला सगळ्यात लांबचा रस्ता पडतो.

ते कार्यालय कोणतं, हे मी सांगणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मला परत तिथेच जायचंय. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तिथे कोणी वाईट नव्हतं. कोणी पैसे मागितले नाहीत. कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येक वेळी बसा म्हणाले, पाणी दिलं, एकदा तर काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही, इतके चांगले वागले. सगळ्यांनी 'इन्शाल्ला' म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

आणि नियम? एकेक नियम घ्या. शहाणपणाचा आहे. फुटपाथवर व्हीलचेअर जाईल इतकी वाट मोकळी ठेवायची. बरोबर. त्या उंचवट्याच्या पिवळ्या लाद्या असतात ना, अंध माणसाला काठीने रस्ता कळावा म्हणून, त्यांच्यापासून दूर. अगदी बरोबर. आगीच्या नळापासून दूर, बसस्टॉपपासून दूर, दुकानाच्या काचेसमोर नाही, वळणावर नाही. सगळं बरोबर. हसनभाईंनी त्यातल्या एकाही नियमाला नावं ठेवली नाहीत. उलट माझ्या बायकोला सुपरमार्केटची भरलेली ट्रॉली घेऊन त्या फुटपाथवर चालायला लावलं, वाट पुरते का बघायला. ती बिचारी म्हणाली, 'हसनभाई, माझं दूध तापतंय.' ते म्हणाले, 'वहिनी, फक्त एकदा उलट्या बाजूने.'

मग रंग आला. लाल नको, तो आगीचा. पिवळा नको, तो इशाऱ्याचा. हिरवा नको, कचरापेटी वाटते. शेवटी फिकट राखाडी ठरला. म्हणजे पेटी उभी करा, पण दिसू देऊ नका.

मग पाया. पेटी लादीला बोल्टने ठोकायची नाही, लादी सरकारी आहे. बरं. पण पेटी हलतासुद्धा कामा नये, वाऱ्याने कोणावर पडली तर? तेही बरं. आता ठोकायची नाही आणि हलायची नाही, अशी वस्तू जगात एकच असते, मंडळाचा कार्यकारिणी सदस्य. हसनभाईंनी डोकं चालवलं. शारजा इंडस्ट्रियल एरियात त्यांच्या ओळखीचा पंजाबी वेल्डर, गुरमीत. त्याच्याकडून पेटीला खोटा तळ करून घेतला आणि त्यात वाळू भरली. वाळू! या देशात हिचा तुटवडा नाही. पेटी जागची हलेना. तर पुढचा शेरा आला की सार्वजनिक जागेत बांधकामाचं साहित्य ठेवता येणार नाही.

मी तेव्हा ओरडलो होतो. हसनभाई हसले. म्हणाले, 'बरोबर आहे त्यांचं. वाळू कागदावर वाळूच दिसणार.' वाळू काढली, लोखंडी पट्ट्या टाकल्या. मंजूर.

मी विचारतो तुम्हाला, त्या फुटपाथवर आत्ता काय काय उभं आहे? जाऊन बघा. डिलिव्हरीच्या मोटरसायकली. विजेची पेटी. टेलिफोनची पेटी. कोणी पाणी घालत नाही अशी कुंडी. आणि पार्किंगचं मशीन. हसनभाई त्या मशीनसमोर उभे राहून म्हणायचे, 'हे बघ. हे नाणं घेतं, कागद देतं. माझी पेटी नाणं घेते, कागद देते. फरक काय? माझ्या कागदावर वाचायला काहीतरी असतं.'

आता मूळ घोळावर येतो. कारण या नियमांनी पेटी अडली नव्हती. पेटी अडली एका शब्दावर. आणि तो शब्द हसनभाईंनी स्वतः निवडला होता.

अर्ज अरबीत लागतो. आपण सगळे काय करतो? टायपिंग सेंटरला जातो. तिथला टायपिस्ट विचारतो, टाइप करतो, शिक्का मारतो, आपण सही करतो, आणि वर काय लिहिलंय ते अल्लाला आणि टायपिस्टला माहीत. पण हसनभाईंना अरबी वाचता यायचं. लहानपणी मदरशात शिकले होते. एकेक अक्षर स्वच्छ, उच्चार असा की काउंटरवरचा माणूस मान वर करून बघेल. फक्त अर्थ कळायचा नाही. हे तुमच्यातल्या कोकणी मंडळींना सांगायला नको. वाचता येतं, कळत नाही. आणि मी शेजारी उभा, मला वाचताही येत नाही. आम्हा दोघांत मिळून एक साक्षर माणूस पुरा होत नव्हता.

टायपिस्ट केरळचा. त्याने आधी बरोबर शब्द घातला होता, विक्रीचं यंत्र अशा अर्थाचा. हसनभाईंनी कागद हातात घेतला, बोट ठेवून वाचला, आणि तिथे थांबले. 'ये क्या लिखा?' टायपिस्टने सांगितलं. ते म्हणाले, 'यंत्र? यंत्र कुठे आहे? पेटी आहे ती. पेटीला अरबीत काय?' टायपिस्ट म्हणाला, 'सुंदूक.'

मंडळी, तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाले, 'संदूक! अरे, ही तर आपलीच संदूक! माझ्या आईने लग्नात आणली ती संदूक! हेच लिही.' टायपिस्ट म्हणाला, 'चाचा, वो दूसरा अच्छा है.' हसनभाई म्हणाले, 'नाही. जो शब्द मला कळतो तो लिही.' पहिल्यांदा एका सरकारी कागदावर त्यांना कळणारा शब्द सापडला होता. तो ते कसे सोडतील?

तर अर्ज गेला. वर्तमानपत्रांची सुंदूक. फुटपाथवर ठेवणार. वरून नाणी टाकायला फट.

काउंटरवरच्या साहेबांनी फाइल उघडली. वाचली. वर बघितलं. त्यांची हिंदी छान होती.

'ये सुंदूक किसके वास्ते?'

'लेबर लोगों के वास्ते, साहब.'

'उनके वास्ते क्यों?'

'दुकान में मिलता नहीं. उनको कोई देता नहीं.'

'पैसा कौन डालेगा?'

'जो भी आएगा, वो डालेगा.'

'और वो लेबर लोग?'

'मिस्कीन लोग हैं, साहब.'

साहेबांनी मान हलवली. हळुवारपणे काहीतरी लिहिलं. हसनभाईंशी हस्तांदोलन केलं, दोन्ही हातांनी. बाहेर आल्यावर हसनभाई मला म्हणाले, 'बघितलंस? माणूस समजून घेतो.'

समजून घेतलंच होतं त्यांनी! सुंदूक म्हणजे पेटी. आणि सुंदूक म्हणजे निधीसुद्धा. फंड. आपल्याकडे नुसतं 'पेटी' म्हटलं तर वाजवायची की मतांची, हे पुढचं वाक्य आल्याशिवाय कळतं का? तसंच. आणि पुढच्या प्रत्येक वाक्यात हसनभाईंनी त्यांना खात्री पटवली होती. गरिबांसाठी आहे, कोणी देत नाही, येणारा-जाणारा पैसे टाकेल, मिस्कीन, म्हणजे गरीब बिचारे, लोक आहेत. प्रत्येक उत्तर खरं होतं. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं.

या देशात परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं किती गंभीर आहे, ते तुम्हाला माहीत आहे. आणि योग्यच आहे. फाइल तिकडे गेली. दुसऱ्या विभागाला. तिथून पत्र आलं की आपल्या संस्थेची नोंदणी जोडा, लाभार्थींची माहिती जोडा. हसनभाई मला विचारतात, 'लाभार्थी म्हणजे? वाचक का?' मी म्हटलं, असेल. मराठी माणसाला पेपर मिळाला तर लाभच की.

किती चकरा झाल्या ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर आज इथे वेगळ्या शब्दांत बोललो असतो. शेवटी त्या दुसऱ्या विभागातल्या एका बाईंनी पेटीचा फोटो बघितला आणि हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. 'हबीबी, धिस इज अ न्यूजपेपर बॉक्स!' हसनभाई म्हणाले, 'येस मॅडम, संदूक.' त्या म्हणाल्या, 'नो नो नो. प्लीज. डोन्ट से दॅट वर्ड अगेन.'

वाटलं, खलास, सुटलो. पण शब्द बदलायला नवी फाइल हवी. नवी फाइल उघडायला जुनी रद्द हवी. जुनी रद्द करायला ती आधी मंजूर झालेली हवी, कारण मंजूरच न झालेली गोष्ट रद्द कशी करणार? सिस्टममध्ये बटणच नाही. ती बाई खरंच शोधत होती हो, स्क्रीनवर. मी तिच्या चेहऱ्यावर घाम बघितला, एसीत.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसलो. हसनभाई म्हणाले, 'कळलं का तुला? आपला निकाह झाला नाही म्हणून तलाक मिळत नाही. आणि तलाक नाही म्हणून दुसरा निकाह नाही.' भाभी, हे त्यांनी घरी सांगितलं नसणार. सांगितलं होतं? बरं.

या सगळ्यात एक वर्ष आणखी गेलं. मग कोणीतरी बटण बनवलं. नवी फाइल झाली. शब्द बरोबर. रंग बरोबर. तळ बरोबर. राहिली एक गोष्ट. जागेची पाहणी.

आणि मंडळी, इथपर्यंत मी त्या कार्यालयावर चिडत होतो. आता जरा इकडे बघा.

पाहणीला जो निरीक्षक नेमला तो काटेकोर माणूस. तरुण आहे, इमिराती, बारीक नजर. तो म्हणाला, 'रिकामी पेटी वाट अडवत नाही हे मला दिसतंय. पण लोक आले की? पेपर घ्यायला दहा-पंधरा माणसं उभी राहिली की वाट अडते का, ते मला बघायचंय. माणसं आणा. उभी करा. मी मोजमाप घेतो, सही करतो.' यात चुकीचं काय आहे, सांगा मला. काहीही नाही.

वस्तीतले कामगार त्या वेळी साइटवर असतात, ते येऊ शकत नाहीत. म्हणून हसनभाईंनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर फोन उघडून बघा, आत्ता नको, नंतर. 'बुधवारी सकाळी दहाला फुटपाथवर नुसतं उभं राहायला यावे, अर्धा तास, चहा माझ्याकडून.' किती अंगठे आले त्याला! हात जोडलेले आले, फुलं आली, 'अभिमान वाटतो हसनभाई' असं आलं. एकाने तर मराठी भाषेच्या संवर्धनावर लांब परिच्छेद टाकला. तो गृहस्थ इथे आहे, मी बघत नाहीये त्याच्याकडे.

बुधवारी सकाळी दहाला फुटपाथवर कोण होतं? हसनभाई. मी. आणि वेल्डर गुरमीत, ज्याला मराठीचं अक्षर येत नाही, तो पेटी टेम्पोतून घेऊन आला होता म्हणून.

तिघं. ऊन असं की पेटीच्या झाकणाला हात लावता येईना. हसनभाई म्हणाले, 'गोल फिरा. पेपर घेतल्यासारखं करा, पुढे जा, फिरून मागे या.' आम्ही फिरलो. मी, मग गुरमीत, मग हसनभाई. मग पुन्हा मी. निरीक्षक बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, 'सर, धिस जंटलमन इज व्हेरी फाँड ऑफ न्यूजपेपर्स. आय हॅव सीन हिम फोर टाइम्स.' तो माझ्याबद्दल बोलत होता.

त्याने सही केली नाही. रागावला नाही. म्हणाला, 'चाचा, पुढची तारीख घ्या. माणसं घेऊन या. तुमचे लोक आहेत ना इतके?'

तुमचे लोक आहेत ना इतके. परतीच्या वाटेवर, टेम्पोत मागे पेटी खडखडत होती आणि हसनभाई वळून वळून तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, 'वर्किंग डे होता रे. लोकांना ऑफिस असतं.' त्यांनी तुमची बाजू घेतली. मी नाही घेणार. अर्धा तास! आपल्याला बॉसच्या बायकोच्या वाढदिवसाला अर्धा दिवस सुट्टी मिळते. पासपोर्ट रिन्यू करायला मिळते. आयफोन नवीन आला की मॉलमध्ये पहाटेपासून रांगेत उभे राहतो आपण, आणि ती रांग बघायला कोणी निरीक्षकसुद्धा येत नाही.

पुढची तारीख यायच्या आधी ते गेले.

रविवारी त्यांच्या फोनवर कॉल आला. सनाने उचलला. तो निरीक्षक होता, नवी तारीख द्यायला. तिने सांगितलं. मग त्याने दुआ केली. मग म्हणाला, 'फाइल घरच्या कोणाच्या नावावर करता येईल, ते मी बघतो. पण पाहणी मला टाळता येणार नाही. लोक लागतील.'

सना इथे पुढेच बसली आहे. आपण तिला एवढीशी असल्यापासून बघतोय. ती सिलिकॉन ओएसिसला नोकरी करते, आणि तिला मराठी वाचता येत नाही, हे तीच आधी सांगते. मी तिला म्हटलं, 'बेटा, सोड. अब्बांनी खूप केलं. तुला याचं काय?' ती म्हणाली, 'अंकल, आय कान्ट रीड वन लाइन ऑफ इट. बट ही वॉन्टेड इट देअर. सो आय वॉन्ट इट देअर.' आणि तिने सही केली. फाइल आता तिच्या नावावर आहे. ही पाहणी झाली नाही तर फाइल बंद होणार, आणि पुन्हा पहिल्यापासून, त्या टायपिंग सेंटरपासून सुरुवात. तेवढं बळ तिच्याकडे असेल. माझ्याकडे नाही.

आज सकाळी आपल्या सचिवांचा, सरदेशमुखसाहेबांचा मला फोन आला. प्रेमळ फोन होता. म्हणाले, 'ती पेटी पडूनच आहे ना? मंडळाला द्या. स्मृती म्हणून हॉलमध्ये ठेवू. गणपतीत जेवणाची कूपनं टाकायला होईल.' सरदेशमुखसाहेब, तुमचा हेतू चांगला आहे. सगळ्यांचेच हेतू चांगले होते. याच चांगल्या हेतूंनी तो माणूस दमला. ती पेटी कूपनांसाठी नाही. ती पेटी पडूनही नाही. गुरमीतने काल तिला नवीन बिजागऱ्या लावल्या, आणि तिच्या आत कोणत्या पेपरला कोणता कप्पा, हे हसनभाईंनी जाण्याआधी ठरवून ठेवलंय. ती तयार उभी आहे. आपण उभे नाही.

मी शोकसभांना खूप जातो, या वयात जावंच लागतं. प्रत्येक ठिकाणी म्हणतात की त्यांची उणीव भासेल. कोणाला भासेल? खोटं नका बोलू. आपल्याला नाही भासणार. आपण तर त्यांच्याकडून पेपर घेतच नव्हतो. ज्यांना भासेल ते आत्ता वस्तीत जेवायला बसले असतील, ताटाखाली काही न अंथरता. त्यांना या सभेचं आमंत्रणही नाही. आपल्याला ते पाठवायचं सुचलं नाही.

माझं बोलणं जिव्हारी लागलं असेल. लागू दे. भाभी, तुमच्या पाया पडून माफी मागतो. चांगलं चांगलं बोललो असतो तर यांनी टाळ्याही वाजवल्या असत्या आणि खाली जाऊन चहा घेतला असता.

हसनभाई, तुम्ही असता तर मला गप्प बसवलं असतं. म्हणाला असता, लोकांना ऑफिस असतं. आज तुम्ही नाही, म्हणून मी बोलतोय. सलाम घ्या, आणि माझ्याकडे दुर्लक्ष करा.

आता दोन मिनिटं शांतता पाळू या. पद्धत आहे, सगळ्यांनी उठायचं असतं. फक्त माझी एक विनंती. येत्या बुधवारी सकाळी दहाला, त्या वस्तीसमोरच्या फुटपाथवर, सनाच्या शेजारी, अर्धा तास उभं राहायला ज्यांना जमणार नाही, त्यांनी या दोन मिनिटांत शांतपणे खाली बसून घ्यावं. कोणी कोणाकडे बघणार नाही. डोळे मिटलेले असतील सगळ्यांचे.

माझे उघडे असतील.

यल्ला, मंडळी. उठा.